लघवीतलं रक्त आपोआप थांबलं, तरीही

लघवीतून रक्त गेलं की माणूस हादरतो. दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते आणि भीतीही ओसरते. मूत्राशयाच्या कर्करोगात घात होतो तो इथेच. गाठ मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर वाढते, तिच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त येतं, गुठळी धरते आणि थांबतं. पुन्हा रक्त दिसेल ते आठवड्याने किंवा कित्येक महिन्यांनी. दरम्यान गोळ्या घेतल्या असतील तर गुण गोळ्यांना मिळतो, धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं असेल तर त्याला.

दहापैकी साधारण आठ रुग्णांत पहिली खूण हीच असते: डोळ्यांना दिसणारं आणि बहुधा न दुखणारं रक्त. दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. खरं तर मुतखडा कळ आणतो, जंतुसंसर्ग जळजळ आणतो. काहीच न दुखता रक्त येणं जास्त संशयास्पद. रंग लालभडक, गुलाबी किंवा कोऱ्या चहासारखा असू शकतो. बीट खाल्ल्याने किंवा टीबीच्या रिफॅम्पिसिन गोळीनेही लघवी लालसर होते, त्यामुळे शंका असेल तर लघवीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. रक्त धारेच्या सुरुवातीला होतं, शेवटी होतं की पूर्ण धारेत, गुठळ्या होत्या का, हे डॉक्टरांना सांगा. मोबाईलवर फोटो काढला तर उत्तमच. यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी खूण फसवी आहे. सारखी लघवीला लागणं, घाई होणं, जळजळ. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून देतात. अस्तरात पसरट वाढणारा एक आक्रमक प्रकार गाठ न दिसता नेमका असाच त्रास देतो. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडत नाहीत आणि तरी प्रतिजैविकांचा दुसरा, तिसरा कोर्स चालू होतो, तेव्हा थांबून विचारायला हवं: जंतूच नाहीत, तर औषध कशावर? स्त्रियांचं निदान अनेकदा उशिरा होतं ते यामुळेच. रक्त पाळीचं किंवा ‘युरिन इन्फेक्शन’चं धरलं जातं. पाळी बंद झालेल्या बाईच्या लघवीत रक्त दिसलं तर ते कुठून येतंय हे शोधायलाच हवं. पुरुषांत प्रोस्टेटवर खापर फुटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टाळू नये. त्या गोळ्या आधीच असलेल्या गाठीतलं रक्त बाहेर आणतात, इतकंच. मात्र त्या स्वतःहून बंद करू नका.

धोका कुणाला जास्त? सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांना सर्वांत जास्त. धुरातली घातक रसायनं मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन् तास साठून राहतात. रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांत हा आजार दिसतो, हे फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 सालीच नोंदवलं होतं. काम सोडून वीसेक वर्षं झाली तरी धोका उरतो, म्हणून जुनी नोकरी कोणती होती हेही डॉक्टरांना सांगायचं.

आता तपासण्या. सोनोग्राफी भरलेल्या मूत्राशयावर करावी लागते. रिकाम्या मूत्राशयात गाठ घड्यांत लपते. आणि ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबू नका, लहान किंवा पसरट गाठ तीत सुटते. लघवीतल्या पेशींची तपासणी आक्रमक प्रकार बरा पकडते, सौम्य प्रकार बऱ्याचदा सोडते. संसर्ग खरोखर सापडला असेल तर उपचारानंतर लघवी पुन्हा तपासा. रक्तपेशी तशाच असतील तर युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाकडे जा. पंचेचाळिशीनंतर संसर्गाशिवाय डोळ्यांना रक्त दिसलं, तर थेट तिकडेच, आणि लवकर.

निदानाचा खरा आधार म्हणजे दुर्बिणीची तपासणी. लोक तिलाच घाबरून महिने घालवतात. लवचीक दुर्बिणीसाठी मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालतात, काम काही मिनिटांत होतं आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. नंतर एक-दोन दिवस जळजळ किंवा किंचित गुलाबी लघवी चालते. ताप, थंडी वाजणं, मोठ्या गुठळ्या किंवा लघवी अडणं यांतलं काही झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.