बिटाला शिव्या घालण्याआधी

मंडळी, आधी हा ड्रिल मशीनचा बिट हातात घेऊन बघा आणि मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. टोक निळं-काळं पडलंय, कोपरे गोल झालेत. हा माझाच प्रताप. शिकाऊ असताना स्टेनलेसच्या पट्टीला भोक पाडायला गेलो. मशीन पूर्ण वेगात आणि हात हलका. बिट नुसता घासत राहिला. स्टेनलेसची खोड अशी, की घासलं की त्याचा वरचा थर आणखी कडक होतो. मग नवाकोरा बिट लावला तरी तोही तिथेच घसरतो. मी बिटाला शिव्या घातल्या.

स्टेनलेसला फेरे कमी, दाब सलग आणि तेल सढळ हातानं. 10 मिमीचा साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट माइल्ड स्टीलमध्ये, म्हणजे साध्या मऊ पोलादात, मिनिटाला 800 ते 900 फेऱ्यांवर सुखानं चालतो. स्टेनलेसमध्ये 300-400 च्या वर नेऊ नका. बिट जाड झाला की फेरे आणखी उतरवायचे, कारण बाहेरचा कोपरा सगळ्यांत जोरात पळतो आणि जळतोही तोच पहिला.

असलं काम रोजचं असेल तर कोबाल्टचा घ्या. एम 35 या जातीच्या पोलादात सुमारे 5 टक्के कोबाल्ट आतच मिसळलेलं असतं, कितीही वेळा धार लावा, ते जात नाही. सोनेरी बिटावर बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो. चांगला असतो, नाही असं नाही. पण ग्राइंडरवर टोक धरलं की तिथला मुलामा गेला.

आता टोकाकडे या. मधोमध आडवी रेघ दिसते ना? ती कापत नाही, धातू नुसता रेटते. म्हणून टोकाचा कोन 118 अंश असलेला साधा बिट गुळगुळीत पत्र्यावर भटकतो. त्याला आधी सेंटर पंचाची, म्हणजे टोकदार पंच ठोकून पाडलेल्या खळगीची, खूण लागतेच. 135 अंशांच्या स्प्लिट पॉइंटमध्ये ती रेघ घासून आखूड केलेली असते, त्यामुळे तो बराचसा जागच्या जागी बसतो. जाड बिटाआधी बारीक भोक पाडतात तेही या रेघेपायीच.

पितळेचं उलटं. तिथे धारदार बिट जॉबमध्ये, म्हणजे भोक पाडायच्या तुकड्यात, खेचला जातो, म्हणून धारेवर दगड फिरवून ती जरा बोथट करायची. लाकडाला मधे अणी असलेला बिट, भिंतीला कार्बाइड या फार कडक पदार्थाच्या टोकाचा. टाइल असेल तर ती पार होईपर्यंत मशीनचा हॅमर (ठोके मारण्याची सोय) बंद! भोकात स्क्रूचे आटे पाडायचे असतील तर एम 6 (6 मिमीच्या स्क्रू) ला 5 मिमीचा बिट, एम 8 ला 6.8 चा.

चला, जॉब व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळलाय, मशीन सुरू करतो. दोन्ही खाचांतून सारखा बुरा येतोय का बघा. एकाच खाचेतून आला तर धार एका बाजूला लांब लागली आहे, आणि 10 च्या बिटानं भोक 10 चं पडणार नाही.