मानान्सालांची जीपनी

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र आधी थोडा वेळ नुसतं बघा. फिलिपिन्सचे चित्रकार विसेंते मानान्साला यांचं आहे, 1951 सालचं, नाव ‘जीपनीज’. गाड्या मोजायला गेलात तर हिशेब चुकेल. एकीचं टप कुठे संपलं आणि दुसरीची कड कुठून सुरू झाली, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. मनिलाच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर अगदी हेच होतं.

ही जीपनी, म्हणजे मनिलातली भाड्याची सामाईक गाडी, आली कुठून? फेब्रुवारी 1945 मध्ये अमेरिकन आणि जपानी फौजा मनिलात जवळजवळ महिनाभर गल्लोगल्ली लढल्या. सुमारे 1 लाख नागरिक मारले गेले. शहराची ट्रामही त्यात संपली. मागे उरल्या त्या अमेरिकन सैन्याच्या विलिस जीपा. तिथल्या कारागिरांनी त्या मागून लांबवल्या, वर टप चढवलं, आत समोरासमोर दोन लांब बाकं टाकली. आपल्याकडच्या वडापची जुनी जीपही याच विलिस घराण्यातली, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लावून बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. भाडं हातोहात पुढे सरकतं. ‘बायाद पो’, म्हणजे ‘भाडं घ्या हो’, असं म्हणत अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या हातावर पैसे ठेवतो.

मानान्साला या गर्दीतलेच. 1910 साली पांपांगा प्रांतात जन्म, पोरवयात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पुढे वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढली. 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, तिथे क्युबिस्ट चित्रकार फेर्नां लेजे यांच्याकडे शिकले. म्हणून ‘क्युबिझम पॅरिसहून आणला’ असं म्हणून काही जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. पॅरिसच्या क्युबिस्टांनी धड वस्तू फोडून तिचे पैलू मांडले. मानान्सालांचं शहर आधीच फुटलेलं होतं. त्यांनी आकार शाबूत ठेवले आणि काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक रचले. समीक्षक याला पारदर्शक क्युबिझम म्हणतात. मागचं माणूस पुढच्या माणसाआड नाहीसं होत नाही, त्यातून दिसत राहतं. गर्दीकडे इतक्या मायेने बघणारा चित्रकार मला फार भावतो.

त्या काळी लोकांच्या मनावर फेर्नांदो आमोर्सोलो यांची चित्रं होती. सोनेरी उन्हातली भातशेती, हसऱ्या शेतकरणी. सुंदरच आहेत ती. पण जळालेल्या शहरात कामाला निघालेल्या माणसाला त्यांत स्वतःचा रस्ता सापडला नसता.

आता पुढचं चित्र लावा. ‘मॅडोना ऑफ द स्लम्स’, म्हणजे झोपडपट्टीतली माता मेरी, 1950. आईने बाळाला घट्ट धरलंय. तिच्यामागे पत्र्यालाकडाच्या तुकड्यांची खोपटी बघा. जीपनी ज्या हातांनी सांधली, तसल्याच हातांनी तीही उभी केलेली आहेत.