२४ तास चालणारा पंप: संपसाठी रिटर्न पंप निवडताना

(कॅमेरा माशांच्या टँकखालच्या कपाटासमोर. दार उघडं, पंपाची घरघर ऐकू येते.)

हा आवाज ऐकताय ना? हा पंप काल रात्री तीन वाजताही चालू होता, उद्याही असेल. टँकचा दिवा सात-आठ तास लागतो, हीटर पाणी गार झालं की लागतो. संपमधलं, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं, पाणी परत वर चढवणाऱ्या या रिटर्न पंपाला मात्र सुट्टी नाही. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे पंपाचा एकेक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट वीज घेतो. ४० वॅटचा पंप असेल तर ३५० युनिटं, आणि तेच काम १५ वॅटमध्ये होत असेल तर १३१. ही मधली सव्वादोनशेच्या आसपास युनिटं कुठे जातात, ते आज बघू.

माझा पहिला संप झाला तेव्हा मी खोक्यावर ‘ताशी ३,००० लिटर’ वाचून पंप उचलला. टँक होता २०० लिटरचा. पंप लावल्याबरोबर टँकमधलं पाणी खाली संपमध्ये आणणारा ओव्हरफ्लो घळघळायला लागला, संपभर बुडबुडे. मग मी व्हॉल्व्ह अर्धा बंद केला आणि दोन वर्षं पंप तसाच चालवला. पुढे प्लगला वॅटमीटर लावून बघितलं, तर व्हॉल्व्ह आवळूनही वॅट जेमतेम कमी झाले होते. पाणी अडवायलाही आपण वीजच भरत होतो.

म्हणून सुरुवात पंपापासून करू नका. आधी स्वतःला विचारा, मला पाणी लागतं किती?

संपमधून तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं, तर बहुतेक घरगुती टँकना पुरतं. दहा पटीचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. पण टँकमध्ये पाणी हलतं ठेवायचं असेल, प्रवाळांना जोरदार लाट हवी असेल, तर ते काम आत बसणाऱ्या वेव्हमेकरचं. त्याला पाणी वर चढवावं लागत नाही, नुसतं ढकलायचं असतं, त्यामुळे तो थोड्या वॅटमध्ये कितीतरी जास्त पाणी हलवतो. रिटर्न पंपाकडून लाटा काढून घेणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावर घागरी वाहून नेऊन वारा घालण्यासारखं आहे.

(टेप घेऊन संपपासून टँकपर्यंत मोजतो.)

आता उंची. ही पंपापासून मोजायची नसते, बरं का. संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून टँकमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजा. पंप पाण्यात किती खोल बसलाय, याने फरक पडत नाही. माझ्याकडे ही उंची १२० सेंटिमीटर आहे. पाइप, एल्बो यांच्यात जाणारा जोर धरून मी १५० सेंटिमीटर समजतो.

आणि आता जो हिशोब मला फार आवडतो, तो. २०० लिटरचा टँक, चार पट, म्हणजे ताशी ८०० लिटर. एवढं पाणी दीड मीटर चढवायला शुद्ध भौतिकशास्त्राच्या हिशोबाने वॅट लागतात साधारण सव्वातीन. फक्त सव्वातीन! पंप, मोटर, इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) यांच्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या चौपट धरा. तरी आकडा १३ वॅटच येतो. या टँकखाली ४० वॅटचा पंप फिरत असेल, तर तो कशासाठी फिरतोय, हे विचारायला हवं.

खोक्यावर दोन मोठे आकडे असतात, जास्तीत जास्त प्रवाह आणि जास्तीत जास्त उंची. हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. पहिला आकडा उंची शून्य असतानाचा, आणि दुसऱ्या आकड्याच्या उंचीवर प्रवाह शून्य. आपलं काम चालतं मधे कुठेतरी. म्हणून पंपाचा आलेख शोधा. आडव्या बाजूला प्रवाह, उभ्या बाजूला उंची, आणि एक उतरती रेघ. तुमच्या उंचीवर बोट ठेवा, रेघेपर्यंत जा, खाली प्रवाह वाचा. मग त्या प्रवाहाला वॅट किती, ते बघा. दोन पंपांची तुलना इथेच करायची. आलेखच दिलेला नसेल, तर मी तो पंप घेत नाही.

एसी की डीसी? साध्या एसी पंपाचा चुंबक विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, वेग बदलत नाही. शिवाय असे बरेच पंप सुरू होताना कुठल्याही दिशेने फिरू शकतात, म्हणून इम्पेलरची पाती सरळ ठेवावी लागतात, आणि तिथे कार्यक्षमता जाते. डीसी पंपात इलेक्ट्रॉनिक्स दिशा ठरवतं, त्यामुळे पाती वळणदार करता येतात, आणि वेगही कमी-जास्त करता येतो. वेग थोडा उतरवला तरी वॅट झपाट्याने उतरतात.

पण इथे एक मेख आहे. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो आणि उंची चौथ्या हिश्शावर येते. चार मीटर चढवणारा पंप निम्म्या वेगाला एकच मीटर चढवेल, आणि माझ्या १२० सेंटिमीटरला पाणी पोहोचणारच नाही. त्यामुळे ‘मोठा डीसी घेऊ आणि हळू चालवू’ हा विचार एका मर्यादेपर्यंतच चालतो. आणि वॅट मोजाल ते भिंतीच्या प्लगला मोजा, कारण डीसीचा अडॅप्टरही थोडी वीज खातो.

पाइपबद्दल पटकन. पंपाच्या तोंडापेक्षा बारीक पाइप कधीच लावू नका, जमलं तर एक साइज मोठा लावा. प्रवाह तोच ठेवून व्यास निम्मा केला, तर घर्षणात जाणारा जोर सुमारे ३२ पट होतो. काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचा लवचीक पाइप वापरा.

आणखी एक. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी त्याच पाण्याची उष्णता होते. थंडीत हीटरला हातभार लागतो, पण उन्हाळ्यात चिलर असेल तर तीच उष्णता काढायला पुन्हा वीज जाते.

पंप बसवल्यावर प्लग काढून बघा. वरून उलटं येणारं सगळं पाणी संपमध्ये मावलं पाहिजे. त्यासाठी रिटर्न पाइपला पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक ठेवा, हवा शिरली की पाणी ओढणं थांबतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात शेवाळ अडकतं.

(पाच लिटरचं भांडं टँकच्या काठाशी, पाइपच्या तोंडाखाली धरतो.)

आणि आता हे भांडं. ताशी ८०० लिटर असतील, तर पाच लिटर भरायला २२ ते २३ सेकंद लागतात. भरलं! हा वेळ आणि वॅटमीटरचा आकडा, दोन्ही मी दाराच्या आतल्या बाजूला आजच्या तारखेसह लिहून ठेवतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सेकंद ३० च्या वर गेले, की पंप काढायचा, इम्पेलर सोडवायचा, आणि क्षाराचा थर निघेपर्यंत पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा.