सॅचेल पेजचं न छापलेलं कार्ड

नमस्कार श्रोतेहो. लहानपणी बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटूंची चित्रं जमवून, एका कपिल देवसाठी ज्यांनी तीन डबल चित्रं मोजून दिली असतील, त्यांना आजचा विषय लगेच कळेल. अमेरिकेत हाच नाद बेसबॉलचा. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड, अडीच बाय साडेतीन इंच. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. टॉप्स नावाची कंपनी ही कार्डं च्युइंगगमबरोबर विकायची.

काही हौशी लोक अशी कार्डं घरी बनवतात. नक्कल नव्हे हं. जे कार्ड निघायला हवं होतं आणि निघालंच नाही, ते. पुन्हा सांगतो, जे निघालंच नाही, ते. मीही एक बनवलंय, सॅचेल पेजचं.

आडनाव पेज. मालवणी श्रोत्यांनी लोणचं शोधू नये.

पेज हा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. पिचरला गोलंदाज म्हटलेलं मला खपत नाही, तिथे चेंडूला टप्पाच नाही तर गोलंदाजी कसली? असो. 1906 साली अलाबामातल्या मोबाईल शहरात जन्मलेला हा माणूस काळा होता, म्हणून मोठ्या लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेची, दारं बंद. उमेदीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये गेली. 1948 मध्ये क्लीव्हलंडच्या संघानं त्याला घेतला तेव्हा वय 42, आणि मोठ्या लीगच्या हिशेबात तो नवखा! त्याच वर्षी क्लीव्हलंडनं जगज्जेतेपद मारलं. पण कार्ड कंपन्यांच्या लेखी त्याची कारकीर्द तिथून सुरू झाली. आधीच्या वीसेक वर्षांचं काय? 1953 चं टॉप्सचं कार्ड बघा, हातानं रंगवलेलं देखणं चित्र, आणि खाली सॅचेलच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एल’ जास्त. आपल्याकडे लग्नपत्रिकेत वरमाईचं नाव चुकवतात ना, तसं. पत्रिका छापण्याआधी घरातल्या सगळ्यात भांडखोर आत्याला वाचायला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ती रात्र. ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितलीय की ‘खुर्ची’ शब्द आला की बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

25 सप्टेंबर 1965. कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स हा संघ लीगच्या तळाशी, मैदान ओस. मालक चार्ली फिन्ली म्हणजे जाहिरातबाजीतला अव्वल माणूस. त्यानं पेजला करारावर घेतलं. वय किती? 59! एकोणसाठ! बारा वर्षांपूर्वी मोठ्या लीगमधून बाहेर पडलेला माणूस. फिन्लीनं मैदानाच्या कडेला एक डोलखुर्ची ठेवली, शेजारी पांढऱ्या गणवेशातली नर्स उभी केली. म्हाताऱ्याची गंमत, या आणि हसा. पेजही पक्का, खुर्चीत ऐसपैस डोलत बसला. (डोलखुर्च्या आता कुठे दिसत नाहीत. सगळीकडे त्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या. त्यात बसून कुणाला गोष्ट सुचणार?)

मैदानही तेच, जिथे तो कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळला होता. समोर बोस्टन रेड सॉक्स, एकाहून एक तरणे. म्हातारा खुर्चीतून उठला, पिचरच्या उंचवट्यावर गेला आणि चेंडू टाकू लागला. बेसबॉलचा डाव छोटा, तीन फलंदाज बाद झाले की संपला. पहिला डाव, शून्य धावा. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य! सगळ्या बोस्टन संघाला मिळून हिट (फटका मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा गाठणं) एक, तीही कार्ल यस्ट्रेम्स्कीची. वाईट चेंडू टाकून फुकटचा बेस एकालाही दिला नाही. वरून बोस्टनच्या पिचरला त्यानं चक्क स्ट्राइक आउट केलं, म्हणजे फटका लागू न देताच बाद.

चौथ्या डावाला तो पुन्हा उंचवट्यावर आला, ते फक्त निरोप घ्यायला. मॅनेजरनं त्याला बदललं, टाळ्या पडल्या, तो आत गेला. मग मैदानातले दिवे घालवले. लोकांनी काड्या पेटवल्या, लायटर धरले आणि अंधारात त्याच्यासाठी गाणं म्हटलं. हसायला बोलावलेली माणसं, श्रोतेहो! मोठ्या लीगमध्ये इतक्या वयात चेंडू टाकणारा त्याच्याआधी कुणी नव्हता, नंतरही नाही. अ‍ॅथलेटिक्स तो सामना हरले, ते जाऊ द्या.

आणि 1966 च्या टॉप्सच्या संचात त्याचं कार्ड नाही! तेच मी बनवलं. त्या वर्षीची ठेवण सोपी आहे, डाव्या कोपऱ्यात तिरपी पट्टी, तिच्यात संघाचं नाव, खाली खेळाडूचं. डोलखुर्चीतला फोटो टाकला, जाड कागदावर छापून घेतलं, मागची बाजू वेगळी छापून खळीनं चिकटवली. खळ पातळ झाली तर कागदाला फुगे येतात, हे तुम्हाला काय सांगायचं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘घरगुती’ असं लिहिलंय, उद्या कुणी जुनं म्हणून विकायला नको.

मागे आकड्यांची एकच ओळ. 1965, सामना 1, डाव 3, हिट 1, धावा 0. नाव तीनदा तपासलं, ‘एल’ एकच आहे. कापताना उजवी कड मात्र जरा तिरकी गेली.