कूलरसमोरची खुर्ची

मघाशी हे वाद्य घेऊन आत आलो, तर पहिल्या रांगेतल्या बाबांनी विचारलं, "हाई बँजो शे का भाऊ?" नाही हो बाबा. पण त्यांचं चुकलं असंही नाही. आपल्या वरातींत बटणांचा जो बँजो वाजतो तो खरा बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी, १९१२ साली नागोयात निघालेला. हे मॅन्डोलिन. तारा आठ, पण जोडीजोडीनं, म्हणजे स्वर चारच. हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे पांढरी दोनचा सा धरला, तर उघड्या तारांवर खालून म, सा, प, रे. व्हायोलिनच्या ताराही अशाच जुळवतात, म्हणून व्हायोलिन शिकलेल्याला बोटं नव्यानं शोधावी लागत नाहीत.

आपल्याकडे हे एकट्यानं वाजवायचं वाद्य. संगीतकार सज्जाद हुसेन, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत, कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास, सगळे एकेकटे. इटलीत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी लोक जमून वाजवू लागले. जपानच्या विद्यापीठांत असे क्लब आजही आहेत. आम्ही अकरा जण जळगावात तेच करतो. 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की इथे पहिला प्रश्न येतो, गायक कोण?

गायक नाही. आणि गंमत तिथेच आहे. मॅन्डोलिनचा स्वर टिकत नाही. छेडला की विझला. लांब स्वर हवा तर प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, खाली-वर भराभर फिरवत राहायचं, याला ट्रेमोलो म्हणतात. एकट्याच्या ट्रेमोलोत फटी ऐकू येतात. हात दमला की जास्तच. पण अकरा जण एकच स्वर धरतात तेव्हा माझी फट शेजारच्याच्या आघातानं बुजते, त्याची तिसऱ्याच्या. पत्र्यावर पाऊस लागावा तसं. थेंब मोजता येत नाहीत. म्हणून मी नव्या माणसाला सांगतो, ट्रेमोलोत शेजाऱ्याच्या हाताकडे बघू नकोस, आपल्या गतीनं फिरव. तो बिचारा लगेच आनंदतो. मग तुटक सुरांचा तुकडा येतो आणि तिथे अकरा आघात एकाच क्षणी पडायला हवेत, नाहीतर वाटाणे सांडल्यासारखं होतं. एकाच रचनेत दोन्ही गोष्टी करायच्या! मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी ट्रेमोलोतही सगळ्यांना मात्रेत बसवायला जात होतो आणि आवाज शिवणयंत्रासारखा यायचा.

आता जुळवणीचं ऐका. जोडीतली एक तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावते आणि दुसरी ४४२ वेळा, तर सेकंदाला दोनदा 'वाँव वाँव' ऐकू येतं. ते थांबेपर्यंत खुंटी पिळायची, तीही खालून वर चढवत. वरून उतरवली तर तार जरा वेळानं पुन्हा ढिली पडते. अकरा जणांच्या मिळून अठ्ठ्याऐंशी तारा. त्यात आपला मे महिना. गरम झालं की पोलादी तार सैलावते, सूर उतरतो. गार हवा लागली की चढतो. एका रविवारी कूलरसमोर बसलेले तिघं चढले आणि भिंतीकडचे आम्ही उतरलो. भूप रागातली साधी गत, पण ऐकवेना. प्रत्येकाला वाटे, आपलंच बरोबर. मीसुद्धा मागच्या एका मुलाला चारचौघांत झापलं. तासाभरानं वीज गेली, कूलर थांबला, खोली सारखीच तापली. अंधारात पुन्हा जुळवलं तेव्हा त्या मुलाच्या तारा माझ्यापेक्षा कमी हलल्या होत्या. त्याला तसं सांगितलंही, पण अंधारात सांगितलं, हे कबूल करतो.

सराव रविवारी संध्याकाळी असतो. वाद्य नसलं तरी या, एक जास्तीचं आहे. प्लेक्ट्रम मात्र स्वतःचं आणा, आमची खुर्च्यांखाली हरवतात. आणि कूलरसमोर आता आम्ही कुणालाच बसवत नाही, तिथे वाद्यांच्या रिकाम्या पेट्या ठेवतो.