उंबरठ्यापाशी दुसऱ्यांदा

श्रोतेहो, नमस्कार.

पन्नास-साठ तास घालवून एखादा आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, पूर्ण होतो, करणाऱ्यांची नावे पडद्यावरून सरकत जातात आणि मेनूमध्ये ‘नवा खेळ’ हे शब्द पुन्हा समोर येतात. तो गेम पुन्हा सुरू करावा की पुढच्या गेमकडे वळावे, हा आजचा विषय आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. ज्या गेमने पहिल्या वेळी तुम्हाला एखादा निर्णय घ्यायला लावला आणि तो निर्णय नंतरही मनात सलत राहिला, तो गेम पुन्हा खेळावा. निर्णय सलला असेल तर पुन्हा खेळावा. ज्या गेमने फक्त शत्रू मारायला आणि तलवारी गोळा करायला लावले, तो एकदा खेळला तरी पुरे.

हे मला ज्या प्रसंगातून कळले, तो सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नवतपा सुरू होता. आपल्या नागपुरात त्या दिवसांत दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. माझा भाचा वर्ध्याहून सुट्टीसाठी आमच्या महाल भागातल्या घरी आला होता. मागच्या खोलीत कूलर लावला होता. कूलरला वाळ्याचीच ताटी हवी, हे माझे जुने मत आहे आणि त्या ओल्या वासाशिवाय मला उन्हाळा आठवतच नाही. त्या खोलीत मामा-भाचे आळीपाळीने ‘द विचर 3’ खेळत होतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने 2015 साली आणलेला हा गेम. त्याची सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, वेगळी, माझी वेगळी. आणि दुसऱ्याचा खेळ बघायचा नाही, असे आमचे ठरलेले होते.

या गेममध्ये आपण गेराल्ट नावाचा राक्षसांची शिकार करणारा माणूस असतो. व्हेलेन या दलदलीच्या मुलखात त्याला एक बॅरन भेटतो. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेलेल्या असतात आणि त्यांना शोधण्याचे काम तो गेराल्टवर सोपवतो. शोध घेता घेता कळते की हा माणूस दारूच्या नशेत बायकोला मारत असे आणि अशाच एका मारहाणीनंतर तिचा गर्भ पडला होता. पुढे ती बायको दलदलीत काही अनाथ मुलांना सांभाळताना सापडते आणि त्या मुलांच्या जिवावर तिथल्या चेटकिणी टपलेल्या असतात. तिथेच एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांत कोंडलेला एक आत्मा भेटतो. मला सोडव, मी त्या अनाथ मुलांना वाचवीन, असे तो सांगतो. त्याला सोडायचे की मारायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

एका रात्री जेवताना आम्ही दोघे बॅरनबद्दल बोलू लागलो. मी म्हणालो, बरे झाले, शेवटी तो बायकोला घेऊन उपचारासाठी डोंगरांकडे निघाला. भाचा घास हातात धरून म्हणाला, “मामा, तुम्ही काय बोलून राहिले? त्यानं तर फास लावून घेतला!” आमचा बराच वेळ वाद झाला. दोघेही खरे बोलत होतो. मी झाडातल्या आत्म्याला मारले होते, त्याने सोडले होते. माझ्या खेळात बॅरन जगला होता आणि त्याची बायको जिवंत असूनही भ्रमिष्ट झाली होती. त्याच्या खेळात बायको मेली होती आणि बॅरनने जीव दिला होता.

माझी आई वाढत होती. तिने सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, “आणि त्या लेकरांचं काय झालं रे?”

भाचा म्हणाला, “माझ्यात वाचले, आजी.” मला काही बोलता आले नाही. माझ्या खेळात मी दलदलीत परतलो तेव्हा मुले नाहीशी झालेली होती. त्यांचे काय झाले असेल हे कळण्यासारखे होते, तरीही मी तिथे न थांबता पुढच्या कामाला लागलो होतो. मला बॅरनची चिंता होती, कारण त्याच्याशी माझे बोलणे झाले होते. मुलांशीही झाले होते, पण ते मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून खेळ सुरू केला. या वेळी आत्म्याला सोडायचे हे ठरलेले होते, म्हणजे बॅरनचे काय होणार हेही मला माहीत होते. श्रोतेहो, गेम तोच, संवाद तेच, आवाज तेच. पण मी तो माणूस नव्हतो. बॅरनच्या घरात भिंतीवर टांगलेल्या चित्रामागे एक खड्डा सापडतो, जवळच मोडलेला मेणबत्त्यांचा स्तंभ सापडतो, दारूचा वास येतो. पहिल्या वेळी हे सगळे मी पुरावे म्हणून गोळा केले होते. दुसऱ्या वेळी त्या खोलीत एका बाईने काय सोसले असेल, हे मला दिसत होते, आणि त्या माणसाचे गोड बोलणे ऐकवत नव्हते.

मग न जन्मलेल्या, आता राक्षस होऊन परतलेल्या त्या बाळाचा प्रसंग आला. बॅरन त्या विद्रूप जिवाला हातांवर घेऊन रात्री चालत जातो, त्याला मुलीचे नाव देतो आणि घराच्या उंबरठ्याखाली पुरतो. आई दारात उभी राहून बघत होती. संवाद इंग्रजीत होते, मी तिला मराठीत सांगत होतो. उंबरठ्याखाली, हे ऐकल्यावर ती खोलीत येऊन बसली. ती म्हणाली, “म्हणजे आता ती घरचीच झाली.” गेममध्येही तेच होते: नाव देऊन उंबरठ्याखाली पुरलेले बाळ त्या घराचे रक्षण करणारे होते. हे मी तिला सांगितले नव्हते.

झाडापाशी पोहोचलो तेव्हा मी तिला पुन्हा हाक मारली. तिने आत्म्याचे सगळे म्हणणे ऐकले आणि सांगितले, “सोड.” मी सोडले. मुले वाचली. त्या आत्म्याने एक अख्खे गाव मारून टाकले आणि बॅरन अंगणातल्या झाडाला लटकलेला सापडला. आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि नंतर म्हणाली, “तरी मी हेच सांगितलं असतं.” पहिल्या वेळी मला माझ्या निर्णयाबद्दल एवढे ठामपणे काहीच म्हणता आले नसते.

आता थोडक्यात बाकीचे. सगळे गेम दुसऱ्या वेळी इतके देत नाहीत, पण काही देतात. याच मालिकेतल्या 2011 सालच्या दुसऱ्या गेममध्ये कोणाची बाजू घेता यावर पुढचा अख्खा अध्याय बदलतो, त्यामुळे एकदाच खेळणाऱ्याला तो अर्धाच दिसतो. जपानच्या ‘निअर’मध्ये, तो 2010 चा, दुसऱ्या फेरीत शत्रूंची भाषा कळू लागते आणि आपण कोणाला मारत आलो ते उमगते. पहिल्या फेरीतली ताकद घेऊन पुन्हा सुरुवात करण्याच्या सोयीला ‘न्यू गेम प्लस’ म्हणतात. हे नाव 1995 च्या ‘क्रोनो ट्रिगर’पासून रूढ झाले. निव्वळ ताकद मिरवण्यासाठी मात्र ती फेरी करू नये, पाच-सहा तासांत कंटाळा येतो.

आणखी एक आग्रहाने सांगतो. पहिली फेरी कोणाचेही मार्गदर्शन न वाचता खेळावी. हल्ली मुले प्रत्येक निर्णयाआधी मोबाईलवर ‘योग्य उत्तर’ शोधतात, याचे मला फार वाईट वाटते. ज्याने स्वतः काही ठरवलेच नाही, त्याला दुसऱ्यांदा वेगळे ठरवण्यासारखे काय उरणार? पुन्हा सांगतो: पहिली फेरी स्वतःच्या मनाने खेळा. दोन फेऱ्यांमध्ये काही महिने जाऊ द्या. मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली ती आईच्या प्रश्नामुळे, एरवी संवाद इतके ताजे असतात की माणूस ते न ऐकताच पुढे ढकलतो.

आणि पहिल्या फेरीची शेवटची सेव्ह पुसू नका. ‘विचर 3’मध्ये न्यू गेम प्लस त्याच सेव्हवरून सुरू होतो. शस्त्रे आणि पैसे सोबत येतात, ग्वेंट या गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचे पत्ते येत नाहीत. ते पुन्हा जिंकावे लागतात.

नमस्कार.