काळ्या मृत्यूच्या नकाशातल्या कोऱ्या जागा

[पडद्यावर चौदाव्या शतकातल्या युरोपचा नकाशा. दक्षिणेच्या बंदरांपासून काळा रंग पसरू लागतो.]

१३४७चा ऑक्टोबर महिना. जिनोआची बारा जहाजं सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली. खलाशी तापानं फणफणलेले, काखेत आणि जांघेत गाठी आलेल्या. काय घडतंय हे लक्षात आल्यावर मेसिनाकरांनी ती जहाजं बंदराबाहेर हुसकून लावली, पण हा रोग, म्हणजे पुढे ‘काळा मृत्यू’ म्हणून ओळखला गेलेला प्लेग, तोवर गावात शिरला होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं मेली. कित्येक अभ्यासकांच्या मते निम्मी. इटलीतल्या सिएना शहरात आन्योलो दि तुरा नावाच्या बखरकारानं लिहून ठेवलंय, की आपली पाच मुलं त्यानं स्वतःच्या हातांनी पुरली.

या नकाशात काही जागा मात्र कोऱ्या राहिल्या. मिलान, पोलंडचा बराचसा भाग, उत्तर अटलांटिक महासागरातलं आइसलँड. तिथल्या माणसांना कशानं वाचवलं?

त्यासाठी आधी रोगाची वाट समजून घ्यायला हवी. ती कळायला साडेपाचशे वर्षं गेली, आणि ती उलगडण्यात मुंबई इलाख्याचा मोठा वाटा आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सांनं प्लेगचा जंतू ओळखला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात साथ सुरू झाली, मग ती पुण्यात पोचली. तिथे रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्या काळात घरात उंदीर पडायला लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या घालून राहत. अनुभवानं त्यांना कळलं होतं, की आधी उंदीर मरतो आणि मग माणूस. उंदरापासून माणसापर्यंत रोग नेतं कोण, हे दाखवलं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं. आधी मुंबईत त्यानं रुग्ण तपासले, मग १८९८ मध्ये कराचीत प्रयोग केला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यामध्ये जाळी ठेवली. एकमेकांना स्पर्श नाही, तरी निरोगी उंदीर आजारी पडला. जाळीतून पलीकडे जाऊ शकत होत्या त्या पिसवा. उंदीर मरून गार झाला की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं उबदार अंग शोधतात.

आता हे ज्ञान घेऊन पुन्हा चौदाव्या शतकात जाऊ.

[काळ्या समुद्राचा किनारा. काफा शहराचं जुनं चित्र.]

आजच्या किरगिझस्तानात, इसिक-कुल सरोवराच्या परिसरात, १३३८-३९ सालचे थडग्यांचे दगड आहेत. महामारीनं मेला, असं त्यांवर कोरलंय. तिथल्या सांगाड्यांच्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. तिथून काही वर्षांत रोग काळ्या समुद्रापर्यंत आला. क्रिमियातल्या काफा या जिनोआच्या ठाण्याला जानी बेग खानाच्या फौजेचा वेढा होता. मेलेल्या सैनिकांची प्रेतं यंत्रानं तटाआड फेकली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती लिहिणारा गाब्रिएले दे मुस्सी तेव्हा इटलीत होता, काफात नव्हता. मला त्या प्रेतांपेक्षा धान्याच्या पोत्यांमध्ये जास्त तथ्य दिसतं. खान आणि इटालियन व्यापारी यांच्या भांडणापायी काही काळ बंद असलेला काळ्या समुद्राचा धान्यव्यापार १३४७ मध्ये पुन्हा सुरू झाला. पिरेनीज पर्वतातल्या झाडांच्या खोडांतली वर्तुळं सांगतात, की १३४५, १३४६ आणि १३४७ असे तिन्ही उन्हाळे थंड गेले. पिकं बुडाली, इटलीतल्या शहरांत अन्नाची टंचाई झाली, जहाजं धान्य आणायला धावली. धान्य आलं की उंदीर आले. पिसवांच्या अळ्यांना तर धान्याचा कोंडाही पुरतो. भुकेल्या गावांनी स्वतःला वाचवायला जे मागवलं, त्यातूनच मरण आलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

रोगाचा प्रवास बघा. १३४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, मार्सेय. १३४८ मध्ये इंग्लंडचा दक्षिण किनारा. १३४९ मध्ये नॉर्वेतलं बर्गन. आणि मॉस्को? काफापासून जमिनीनं मॉस्को किती तरी जवळ. पण तिथला महाराजा सिमियोन प्लेगनं मेला तो १३५३ मध्ये, म्हणजे रोग सगळ्या युरोपाला वळसा घालून आल्यावर. मधल्या विरळ वस्तीच्या गवताळ मुलुखातून त्याला उत्तरेची वाट लवकर मिळाली नाही. समुद्रावर मात्र त्याला जहाजं मिळत गेली.

आता मिलान. त्या काळातलं हे मोठं, गजबजलेलं शहर. तिथल्या सत्ताधारी व्हिस्कोंती घराण्यानं म्हणे आजारी घरांची दारं-खिडक्या चिणून टाकल्या, आत माणसं असताना. सिएनाच्या बखरीत मिलानमधली मोजकीच कुटुंबं मेल्याचा उल्लेख येतो. इतक्या क्रूर उपायानं शहर वाचलं, असं अनेक शतकं सांगितलं गेलं. अलीकडच्या संशोधनानं दुसरी बाजू पुढे आणली आहे. मिलानच्या भोवती लोम्बार्डीचं सुपीक मैदान. त्याला काळ्या समुद्राचं धान्य मागवायची गरज पडली नसावी. मला हे जास्त पटतं. शिवाय १३६१च्या लाटेत मिलान भरडून निघालंच. तेव्हाही भिंती चिणता येत होत्याच की.

[सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाचा उभा नमुना.]

पोलंडची गोष्ट जमिनीनं सांगितली. तळ्यांच्या आणि दलदलींच्या तळाशी दरवर्षी फुलांचे पराग साचतात. धान्याचे पराग घटले, की समजायचं शेतं ओस पडली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या २६१ ठिकाणांचे असे नमुने तपासले. मध्य इटली, ग्रीस, फ्रान्स, नैऋत्य जर्मनी, स्वीडन इथे शेती कोसळलेली दिसते. पोलंडमध्ये ती चालू राहिली, वाढलीसुद्धा. राजा कझिमिरनं सीमा बंद केल्या म्हणून देश वाचला, असं आवर्जून सांगितलं जातं, पण एका राजाच्या हुकमावर मी एवढी भिस्त ठेवणार नाही. विखुरलेली खेडी, बंदरांपासूनचं अंतर, धान्याच्या वाहतुकीची उलटी दिशा, ही कारणं जास्त वजनदार आहेत.

याच अभ्यासात आयर्लंडचीही शेती टिकलेली दिसते. आणि तिथेच, किलकेनी शहरात, जॉन क्लिन हा साधू १३४९ मध्ये आपल्या बखरीच्या शेवटी कोरं चर्मपत्र सोडून गेला. आदामाच्या वंशातलं कुणी वाचलंच, तर त्यानं हे काम पुढे न्यावं, अशी त्याची इच्छा होती. त्याखाली दुसऱ्या हातानं लिहिलंय, की इथे लेखक मेला असावा. म्हणून एखादा देश वाचला असं म्हणताना जपून म्हणावं. खेड्यात पीक उभं असतं आणि शहरात मठ रिकामा होतो.

कारण कळत नव्हतं तेव्हा लोकांनी दोषी शोधले. ज्यूंनी विहिरींत विष घातलं, अशी अफवा उठली. स्ट्रासबुर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. प्लेग तोवर त्या शहरात आलासुद्धा नव्हता. ज्यूही या रोगानं मरतायत आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही तो आहे, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी जाहीरपणे मांडलं होतं. ऐकलं नाही कुणी.

भारताचं काय? १३३५च्या सुमारास दक्षिणेच्या मोहिमेवर असताना वरंगळला मुहम्मद तुघलकाच्या सैन्यात मोठी साथ आली आणि सुलतान आजारी होऊन दौलताबादला परतला. काही नकाशे यावरूनच दख्खनला काळा रंग देतात. पण तो प्लेगच होता, असा भक्कम पुरावा नाही. 

[बर्फाळ किनारा, लाटा.]

राहिलं आइसलँड. तिथली सगळी ये-जा नॉर्वेतल्या बर्गन बंदरातून चालायची. १३४९ मध्ये तिथे इंग्लंडहून एक जहाज आलं, माल पुरता उतरायच्या आत त्यावरची माणसं मेली, आणि बर्गनमध्ये हाहाकार उडाला. आइसलँडला जायचं जहाज सुटलंच नाही. हा रोग आमच्याकडे आला नाही, अशी नोंद आइसलँडच्या बखरीत आहे. १४०२ मध्ये मात्र परदेशाहून एक जहाज आलं, आणि १४०४ पर्यंत बेटावरची निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. तिथे त्या काळातल्या उंदरांची हाडं सापडत नाहीत. मग रोग पसरला कसा? खोकल्यातून, की माणसांच्याच अंगावरच्या पिसवा-उवांतून? यावर अभ्यासक अजून भांडतात.

आइसलँडला जे योगायोगानं मिळालं, ते रगूसानं, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकनं, कायद्यात बसवलं. १३४८ मध्ये या बंदरानं खूप माणसं गमावली होती. व्यापारावर जगणारं शहर, बंदर बंद करणं त्याला परवडणारं नव्हतं. १३७७ मध्ये तिथल्या सभेनं ठरवलं, की साथीच्या भागातून आलेल्यानं आधी मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावात ३० दिवस राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. पुढे अनेक बंदरांनी ही मुदत ४० दिवस केली. १४२३ मध्ये व्हेनिसनं प्लेगच्या रुग्णांसाठी एक अख्खं बेट राखून ठेवलं.